राजीनामा नंतर, आधी तारखा

पत्र:

ताई, मी २४ वर्षांची आहे. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेय, फायनल इन्स्पेक्शनला. आमच्या लाइनचा सुपरवायझर कंपनीचा पर्मनंट माणूस आहे. आधी चांगलं बोलायचा, मी पण दादा दादा करायचे. मग एकदा म्हणाला, दादा नको म्हणत जाऊस. आता रात्री अकरा-बाराला मेसेज येतात, डीपी छान आहे, झोपलीस का, एकटीच आहेस का. माप तपासायचा गेज कसा धरायचा ते दाखवायच्या निमित्ताने मागे येऊन उभा राहतो, खांद्यावर हात ठेवतो. आषाढीच्या आदल्या दिवशी सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसला आणि मांडीवर हात ठेवला. मी उठून पुढच्या सीटवर गेले. त्यानंतर माझा ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद केला, खराब पार्टचं रिजेक्शन आलं की माझ्याच नावावर टाकतो, लाइनवर सगळ्यांसमोर बोलतो. पुढच्या महिन्यात माझे सात महिने भरतात, मग ब्रेक देतात, म्हणजे कामावरून काढतात. तो म्हणतो, तुझा ब्रेक मी थांबवू शकतो, तू पण जरा समजून घे. आईला सांगितलं तर म्हणेल नोकरी सोड, लग्न कर. भावाला सांगायची भीती वाटते. सुरुवातीला मीच हसून बोलायचे, माझं चुकलं का? राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या एका वाक्यापाशी अडकले, दादा नको म्हणत जाऊस. तू त्याला नातं लावलं होतंस, शॉपफ्लोअरवर सगळ्याच मुली लावतात, कारण दादा म्हटलं की एक अंतर आपोआप ठरतं. ते अंतर त्याने स्वतःच्या तोंडाने काढून टाकायला सांगितलं. म्हणजे कुणाची चूक आहे ते त्याला त्या दिवशीच माहीत होतं. तू हसून बोललीस, बरं मग? नवीन कामाला लागलेली मुलगी सुपरवायझरशी हसून नाही बोलणार तर काय भांडत बसणार का. कायदा पण तू हसलीस का हे विचारत नाही, तो विचारतो की हे वागणं तुला नकोसं होतं का. तू बसमध्ये उठून पुढे जाऊन बसलीस ना, ते तुझं उत्तरच होतं, तोंडाने नाही म्हणायला जमलं नाही तरी चालतं.

आता राजीनामा. नको देऊस, निदान आत्ता तरी नको. आणि एक गोष्ट नीट ऐक, ठेकेदाराच्या ऑफिसमधून कुणी बोलावून म्हणालं की या कागदावर सही कर, फॉर्मॅलिटी आहे, तर वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि कोऱ्या कागदावर तर अजिबातच नाही. जॉइन होताना अशी कोरी सही घेतली असेल तर घाबरू नकोस पण तेही लिहून ठेव, कधी घेतली, कुणी घेतली, अजून कोणाकोणाची घेतली. आणि समजा तरीही पुढच्या महिन्यात ब्रेक दिलाच, गेटपास काढून घेतला, तरी तक्रारीचा हक्क संपत नाही. कायद्यात पीडित स्त्रीची व्याख्याच अशी आहे की ती तिथे नोकरीला असो वा नसो. त्याच्या हातातली जी धमकी आहे, की ब्रेक झाला की ही गेली, ती तुला वाटते तेवढी मोठी नाहीये.

मी तुला माझी एक गोष्ट सांगते, ही मी फार जणींना सांगितलेली नाही. बावीस-तेवीस वर्षांची असताना मी पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला होते, तिथले मोठे साहेब फाइल देताना हात धरून ठेवायचे, संध्याकाळी सगळे गेल्यावर केबिनमध्ये बोलवायचे. मी सहा महिने सहन केलं आणि मग लग्न ठरलंय असं खोटं सांगून सोडून दिलं. कुठे काही लिहिलं नाही, विसरायचंच होतं मला. दोन वर्षांनी माझ्या जागेवर आलेल्या मुलीने तक्रार केली, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि म्हणाली ताई तुमच्याबरोबर पण झालं होतं ना, तुम्ही येऊन सांगा. मी गेले. ऑफिसच्या तक्रार समितीतल्या बाईंनी मला शांतपणे विचारलं, नक्की कधी झालं हे? आणि मला सांगता येईना. पावसाळा होता एवढंच आठवत होतं. दोनदा की तीनदा, केबिनमध्ये की स्टोअरमध्ये, सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं. साहेबांच्या बाजूने बसलेला माणूस म्हणाला मॅडमना नीट आठवत नाहीये. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणून तुला बाकी काही सांगायच्या आधी मी हेच सांगतेय की तारखा लिही.

तू पत्रात आषाढीच्या आदल्या दिवशी असं लिहिलंस ते वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण ते पक्कं आहे. आपण बायका सणावारांनीच लक्षात ठेवतो, बेंदराच्या आठवड्यात, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पगार झाला त्या दिवशी. तर घरात भिंतीवर जे कॅलेंडर आहे ते खाली काढ. तुमच्याकडे पण आई त्यावर दुधाचा हिशोब, सिलेंडर कधी लावला ते लिहीत असेल तर फारच चांगलं, एकेक चौकोन बघत मागे जा, काय काय आठवतं बघ. तुझी शिफ्ट कोणती होती, ओटी होता का, त्या दिवशी लाइनवर शेजारी कोण होतं. मग एक साधी शाळेची वही घे, शंभर पानी, आणि तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला, काय केलं, तू काय केलंस, कोणी बघितलं असं एकेका प्रसंगाला एकेक पान दे. त्याचे शब्द जसेच्या तसे लिही, घाण असले तरी तसेच लिही, सभ्य करून लिहायचं नाही. जिथे तारीख नक्की आठवत नाही तिथे साधारण या आठवड्यात असं लिही, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नकोस, कारण एक तारीख चुकली की तो म्हणणार सगळंच खोटं, त्या दिवशी तर मी सुट्टीवर होतो. पानं फाडू नकोस, काही चुकलं तर नुसती आडवी रेघ मार. आणि आजपासून जे होईल ते त्याच रात्री लिही.

ओटीचं तर तुझ्याकडे कागदावरच आहे. पगाराच्या स्लिपा काढ, आषाढीच्या आधीच्या महिन्यांत किती तास ओटी होता आणि नंतर किती. बाकीच्या मुलींचा चालू आहे आणि फक्त तुझा बंद झाला हे दिसलं की बसमधली घटना आणि त्यानंतरचा बदला यांचा सांधा जुळतो. पंचिंगच्या नोंदी कंपनीकडे असतात, बसचा रूट आणि कोणती बस हे तुला माहीत आहे, बसमध्ये किंवा लाइनवर कॅमेरा असेल तर कुठे आहे ते लिहून ठेव आणि तक्रारीत फुटेज जपून ठेवा असं स्पष्ट माग, कारण ते कायम ठेवत नाहीत, काही दिवसांनी पुसलं जातं.

फोनचं सांगते. मेसेज डिलीट करू नकोस, कितीही किळस आली तरी. त्याला ब्लॉक करायचं असेल तर कर, पण आधी पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठव आणि स्क्रीनशॉट काढ ज्यात वरती त्याचा नंबर दिसला पाहिजे, नुसतं नाव नको, नाव तर आपण काहीही सेव्ह करतो. मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू नाही ना बघ. बहिणीकडे किंवा एका विश्वासाच्या मैत्रिणीकडे एक कॉपी राहू दे आणि फोन बदलायचा विचार असेल तर आत्ता बदलू नकोस. जमलं तर एकदा, एकदाच, त्याला लिहून पाठव, सर, कामाव्यतिरिक्त मला मेसेज करू नका, मला ते आवडत नाही. जास्त नाही, शिव्या नाहीत, प्लीज पण नाही. भीती वाटत असेल तर नाही पाठवलंस तरी तुझी बाजू काही कमी होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते, तुझ्या कामापुरतं. २०१३ चा कायदा आहे, सगळे त्याला पॉश म्हणतात, कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून. हा कायदा कुणा साहेबांच्या कृपेने आलेला नाही. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी योजनेत साथीन, म्हणजे गावातली कार्यकर्ती, म्हणून काम करायच्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या त्यातून कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवीच असं सांगणारा १९९७ चा विशाखा निकाल आला. त्यानंतरही कंपन्या समित्या नेमत नव्हत्या म्हणून कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांनी कोर्टाला लिहिलं, त्यावर २०१२ साली कोर्टाने पुन्हा कान धरले, मग २०१३ चा कायदा. तुझ्यामाझ्यासारख्या काम करणाऱ्या बाईमुळेच हे सगळं सुरू झालंय, म्हणून तो वापरायला संकोच करू नकोस.

तुला सगळ्यात जास्त शंका असणार की मी तर ठेकेदाराची, मला कोण विचारतं. तर या कायद्यात कर्मचारी म्हणजे पर्मनंट, टेम्पररी, रोजंदारी, ट्रेनी, अप्रेंटिस आणि ठेकेदारामार्फत लागलेली सुद्धा, मूळ कंपनीला ती कुणामार्फत लागली हे माहीत असो की नसो. आणि कंपनीने दिलेली बस पण कामाचं ठिकाणच धरलं जातं, त्यामुळे गेटच्या बाहेर झालं ते आमचं नाही असं म्हणायची सोय नाही. ब्रेक थांबवतो पण समजून घे, हे जे तो म्हणाला त्याचीही कायद्यात नोंद आहे, नोकरीत फायदा देण्याचं आमिष किंवा नुकसान करण्याची धमकी. ते वाक्य तो कधी, कुठे उभा राहून म्हणाला ते वहीत पहिल्या पानावर लिही.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची, संस्थेची वगैरे. समितीचा आदेश सगळ्यांना दिसेल अशा जागी लावणं कंपनीवर बंधनकारक आहे, तर गेटजवळ, कॅन्टीनमध्ये, टाइम ऑफिसच्या भिंतीवर बघ, नावं आणि नंबर टिपून घे, फोटो काढता येत नसेल तर हातावर लिही पण घे. तुझा सुपरवायझर कंपनीचा माणूस आहे म्हणून तक्रार कंपनीच्या समितीकडे, ठेकेदाराकडे नाही. समितीच नसेल, किंवा तक्रार मालकावरच असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिस किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी केली की कळतं. केंद्र सरकारचं शी-बॉक्स नावाचं पोर्टल पण आहे, तिथे ऑनलाइन तक्रार टाकता येते, खासगी कंपनीवर सुद्धा.

मुदत मात्र लक्षात ठेव. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. समितीला वाटलं की उशिराला खरंच कारण होतं तर ती अजून तीन महिने वाढवू शकते, पण त्याच्यावर विसंबू नकोस. आषाढीपासून मोजलं तर दसऱ्याच्या आसपास तीन महिने भरतात. तुला नंतरही मेसेज आलेत, छळ चालूच आहे, त्यामुळे मुदत पुढे सरकते हे खरं, पण बसमधली गोष्ट सगळ्यात गंभीर आहे आणि तिच्यावर कुणी उशीर झाला असं बोट ठेवायला नको.

तक्रार कशी लिहायची याचं टेन्शन घेऊ नकोस, वकिली मराठी नको, तू मला जसं लिहिलंस तसंच लिही, ते फार स्वच्छ होतं. वर तुझं नाव, टोकन नंबर, लाइन, ठेकेदाराचं नाव, सुपरवायझरचं नाव आणि पद, मग वहीतले प्रसंग तारखेने, मग साक्षीदार कोण आणि सोबत काय जोडलंय ते. नियमात सहा प्रती सांगितल्यात. झेरॉक्स काढ आणि देताना स्वतःच्या कॉपीवर तारीख-सहीची पोच घे, ही पोच म्हणजे तुझं सोनं आहे. पोच देत नाहीत असं दिसलं तर रजिस्टर पोस्टाने पाठव किंवा समितीच्या ईमेलवर. लिहायला अडचण असेल तर मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नाही.

त्याच अर्जात एक वेगळा परिच्छेद टाक, फार जणी हे विसरतात. चौकशी चालू असताना त्याची किंवा तुझी बदली दुसऱ्या लाइनला किंवा शिफ्टला करा, तुझ्या कामाचा रिपोर्ट त्याने लिहायचा नाही, गरज पडली तर तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, हे सगळं मागता येतं पण ते लेखी मागावं लागतं. मी तर म्हणेन की स्पष्ट लिही, बदली त्याची करा, माझी नको. आणि ब्रेकची तारीख पण लिही, की तक्रारीनंतर माझं काम थांबवलं तर तो बदला समजावा.

पुढे काय होतं ते आधीच सांगून ठेवते म्हणजे दचकणार नाहीस. तुझी तक्रार त्याला दिली जाईल, त्याला लेखी उत्तर द्यायला कामाचे दहा दिवस, मग दोघांचे जबाब, साक्षीदार, उलट प्रश्न. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समिती त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतेय असं दिसलं की तुला राग येईल, वाटेल या पण त्याच्याच बाजूच्या. तसं लगेच समजू नकोस. गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात समितीने घाईघाईत चौकशी उरकली, आरोप असलेल्या माणसाला बाजू मांडायची नीट संधी दिली नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०२३ साली ती शिक्षा रद्द करून प्रकरण परत मागे पाठवलं. किती वर्षं गेली त्यात, आणि तक्रार करणाऱ्या मुलींना काय वाटलं असेल. त्याला बोलू दे, सगळं नियमाने होऊ दे, म्हणजे निकाल टिकतो.

पण डोळे उघडे ठेव, कारण सगळ्या समित्या चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. एचआरवाले चहा मागवतील आणि म्हणतील आपसात मिटवून टाकू, त्याला दोन मुलं आहेत, तुझीही बदनामी होईल. समेट फक्त तू स्वतः मागितलास तरच होऊ शकतो आणि पैसे घेऊन समेट तर कायद्यात चालतच नाही. तो म्हणेल उलटी केस टाकीन. खोटी तक्रार म्हणून कारवाई व्हायला ती मुद्दाम, माहीत असून खोटी केली हे चौकशीत सिद्ध व्हावं लागतं, नुसता पुरावा कमी पडला म्हणून तुझ्यावर काही होत नाही. अशी बोलणी तोंडी झाली की त्या दिवसाचं पान वहीत वाढव. समितीच्या बाहेरच्या सदस्याशी स्वतंत्र बोलायची संधी मिळाली तर नक्की बोल. निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील आहे.

पोलिसांकडे जायचं का, हे तू ठरव. समिती आणि पोलीस हे दोन वेगळे रस्ते आहेत, एकीकडे गेलीस म्हणून दुसरा बंद होत नाही, आणि पोलिसांत जायचं म्हटलंस तर मदत करणं कंपनीचं कर्तव्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुझा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. माझं स्वतःचं मत विचारशील तर मांडीवर हात ठेवणं हे साधं नाही आणि तुझ्या मनात आलं तर आजही जा. वकील परवडत नाही असं म्हणू नकोस, बाई असल्यामुळे तुला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, पुण्यात शिवाजीनगर कोर्टात ऑफिस आहे, १५१०० वर फोन केलास तरी चालतो. अचानक काही झालं तर ११२, आणि नुसतं बोलायला, दिशा विचारायला १८१.

लाइनवरच्या मुलींचं. तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की त्याने असं केलेली तू पहिलीच नाहीस. कॅन्टीनमध्ये ग्रुपमध्ये विषय काढू नकोस, एकेकीशी बोल, घरी जाताना, एकटीला. जी म्हणेल माझ्याशी पण असंच केलं होतं तिला तिच्या तारखा लिहायला सांग. जी म्हणेल मला यात ओढू नकोस तिच्यावर रागवू नकोस, तिचाही ब्रेक त्याच्याच हातात आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि स्टेटसला काहीही टाकू नकोस, या चौकशीत दोघांचीही नावं गुप्त ठेवायची असतात आणि एक स्टेटस त्याच्या हातात आयतं कारण देईल.

भावाला सांग, पण तक्रारीची पोच हातात आल्यावर. तू भीती वाटते लिहिलंस त्याचा अर्थ मला असा लागला की तो चार पोरं घेऊन गेटवर येईल. आला तर गुन्हा त्याच्यावर दाखल होईल आणि सुपरवायझर बिचारा ठरेल. त्याला काम दे, झेरॉक्स काढून आण, पोस्टात जाऊन ये, सेकंड शिफ्ट सुटल्यावर स्टॉपवर गाडी घेऊन उभा राहा. अशा कामाने त्याचा राग मार्गी लागतो.

आईला मात्र आधी सांग. ती लग्न कर म्हणेल ते रागाने नाही म्हणणार गं, भीतीने म्हणेल, तिच्या काळात बाईने गप्प घरी येणं हाच एक रस्ता होता. तिला कायदा समजावत बसू नकोस. कॅलेंडर पुढ्यात घे आणि विचार, आई, आषाढीच्या आदल्या दिवशी मी रात्री आले तेव्हा जेवले नव्हते, आठवतंय का? तिला आठवत असणार. आयांना कोण जेवलं नाही ते वर्षानुवर्षं आठवतं. मग सांग का जेवली नव्हतीस.

नोकरीचं खरं सांगते, खोटी आशा देत नाही. सात महिने भरल्यावर ब्रेक देतातच तिकडे, तक्रार असो नसो, त्यामुळे दुसरीकडे अर्ज टाकायला आत्तापासून सुरुवात कर, पीएफचा नंबर, पगाराच्या सगळ्या स्लिपा, आयकार्डचा फोटो घरी आणून ठेव. दुसरीकडे काम मिळालं तर जा, आनंदाने जा, फक्त तक्रार देऊन जा.

तुमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते ना? मग या गुरुवारी वही आण. आईला सांग, कॅलेंडर पुढ्यात घ्या, आणि आषाढीच्या आदल्या दिवसाचं पान सगळ्यात आधी लिहा. तक्रारीचा कच्चा मसुदा झाला की स्वतःचं, त्याचं आणि कंपनीचं नाव झाकून मला पाठव, मी शुक्रवारी सकाळी बसून वाचते आणि कुठे काय राहिलंय ते कळवते.

तुझी,
ताई